कोंबड्यांच्या पायाखाली

माझ्या लॅपटॉपवर 'लिटर फायनल ३' नावाची एक एक्सेल शीट आहे. १ आणि २ कुठे गेल्या ते विचारू नका, आमच्या धंद्यात 'फायनल' या शब्दाला फारसा अर्थ नसतो. आणि हे लिटर म्हणजे दुधाचं नव्हे. कोंबड्यांच्या खाली जमिनीवर जे काही अंथरतात, म्हणजे भुसा, तूस, पेंढा वगैरे, त्याला पोल्ट्रीवाले लिटर म्हणतात. मलाही हे २०२३ च्या मे महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.

शीटला आठ कॉलम आहेत. किंमत, मिळतं का, पाणी किती शोषतं, धूळ, बुरशीचा धोका, पुढे खत होतं का, वाहतूक आणि शेवटचा 'आईला झेपेल का'. प्रत्येकाला एक ते पाच गुण, प्रत्येक कॉलमला वेटेज, उजवीकडे टोटल. हिरवा-पिवळा-लाल असं कंडिशनल फॉरमॅटिंगसुद्धा केलेलं. ४.१ गुण मिळवून पहिला आला तो सुतारकामाचा भुसा. आणि त्याच भुशावर त्या जुलैमध्ये वीसपैकी तेरा पिल्लं मेली.

तर ही त्या शीटची गोष्ट.

आमचं गाव राजापूर तालुक्यात. बाबा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर आईला पुण्याला आणलं, पण ती दोन महिनेच टिकली. "इथे दार लावलं की मागे कोण जगलं कोण मेलं कळत नाही," म्हणाली आणि परत गेली. आता एवढ्या घरात ती एकटी काय करणार, हा माझा प्रश्न. तिचा नव्हता. पण माझा होता, त्यामुळे तो सोडवायला हवा होता (इंजिनिअर ना!). आमच्याकडे पूर्वीपासून चार-पाच गावठी कोंबड्या असायच्या. दिवसभर परड्यात फिरायच्या, संध्याकाळी आई त्यांना डालग्याखाली डालायची. मधूनमधून मुंगूस एखादी न्यायचं, मधूनमधून शेजारच्या अण्णांच्या भाजीत शिरल्या म्हणून बोलाचाली व्हायची. मी ठरवलं की हे सगळं नीट करायचं. वीस गिरिराज पिल्लं, परड्यात १० बाय १२ फुटांचं जाळीचं आवार, वर पत्रा, कोपऱ्यात खुराडं. आईला उद्योग, घरची अंडी, चार पैसे. पुण्यात बसून मला एकदम छान वाटलं.

आवार मी स्वतः बांधलं, मे महिन्यात सुट्टी काढून. इथे दोन कामं मी फार हुशारीने केली. एक म्हणजे, चौथ्या बाजूला जाळी न लावता घराची मागची भिंतच वापरली. बारा फूट जाळी वाचली. दुसरं म्हणजे, आमचं परडं डोंगराकडून घराकडे उतरतं आहे, तर वरच्या बाजूला जवळजवळ फूटभर खणून सगळं एका पातळीत आणलं. हातभर मातीखाली कातळ लागला, तिथे थांबलो. आई खळ्यातून बघत होती. "एवढं खाली घेतोयस?" तिने विचारलं.

"आई, लेव्हल नको का?"

"बरं," म्हणाली.

हे 'बरं' लक्षात ठेवा.

आता खाली काय? माझा पहिला विचार होता गवत. डोळ्यांसमोर ते चित्र होतं, हिरवळीवर टिपणाऱ्या पांढऱ्या-तांबड्या कोंबड्या. विहिरीजवळची हरळी मुळांसकट उपटून आणली, ओळीने लावली, पाणी घातलं. चाचणी म्हणून आईच्या दोन जुन्या गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आत सोडला. आठ दिवसांत तिथे हरळी तर नव्हतीच, पण हरळी लावली होती याचा पुरावाही नव्हता. कोंबडी कशी उकरते ते कधी निवांत बघा. उजवा पाय मागे, डावा पाय मागे, एक पाऊल मागे सरायचं, मान वाकडी करून खाली बघायचं, काही असेल तर टिपायचं, नसेल तर पुन्हा पहिल्यापासून. उजाडल्यापासून मावळेपर्यंत हाच लूप, ब्रेक कंडिशन नाही. बारक्या आवारात कुठलंच गवत याच्यापुढे टिकत नाही. टिकवायचं तर जागेचे दोन-तीन तुकडे करून पाळीपाळीने कोंबड्या हलवाव्या लागतात, किंवा लाकडी चौकट करून तिच्यावर जाळी ठोकावी लागते, म्हणजे वर आलेलं पातं खाता येतं पण मुळाशी पाय पोचत नाही. ही दुसरी युक्ती मी पुढे केली आणि ती चालते. पण चार बाय तीनच्या चौकटीतलं गवत म्हणजे कोंबड्यांची कोशिंबीर झाली, जमीन झाकणं नव्हे.

म्हणजे अंथरायलाच काहीतरी हवं. इथून शीट सुरू झाली.

आमच्याकडे सगळ्यात सहज मिळतो तो पेंढा. घराघरात उडवी असते. पण पेंढ्याची काडी लांब, वरून कोरडी दिसते आणि खाली चटईसारखी गच्च बसते. त्या चटईखाली बुरशी धरते, आणि बुरशीची धूळ पिल्लांच्या फुप्फुसात जाते. शिवाय उंदीर, आणि उंदरांच्या मागे यायचं ते येतंच. बोटभर लांबीचे तुकडे केले तर पेंढा बरा. पण ते तुकडे रोज कोयतीने कोण करणार? 'आईला झेपेल का' मध्ये दोन गुण.

वाळू मला फार आवडली होती. जाड, धुतलेली नदीची वाळू लवकर सुकते, चाळणीने वरची घाण काढून टाकता येते, वर्षानुवर्षं बदलावी लागत नाही. पण नदीच्या वाळूचा भाव बघितला आणि पुढची ओळ टाईप केली. एक मित्र म्हणाला, "अरे मग समुद्रावरची आण ना, फुकट आहे." ती बारीक, दाबून बसणारी, आणि मुख्य म्हणजे खारी. कोंबड्या सगळंच टोचून बघतात, आणि मीठ त्यांना सोसत नाही. (शिवाय किनाऱ्यावरची वाळू अशी गोणी भरून उचलायची नसते, हे वेगळंच.)

नारळाच्या सोडणाचा भुगा, ज्याला शहरात कोकोपीट म्हणून पाकिटात घालून विकतात, तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो. रद्दीचे कागद घसरडे, लहान पिल्लांचे पाय त्यावर फाकतात ते कायमचे. भुईमुगाची टरफलं आमच्याकडे नाहीत. उसाचं चिपाड घाटावरून आणावं लागतं आणि त्याला बुरशी चटकन लागते. भाताचं तूस होतं, पण त्याला 'पाणी किती शोषतं' मध्ये मी पाचपैकी दोन दिले. आणि तालुक्याच्या गावातल्या सुतारवाड्यात भुसा मिळत होता, चाळीस रुपये गोणी. मऊ, हलका, पाणी ओढणारा. पाचपैकी पाच.

आई म्हणाली होती, "पातेरा घालूया की."

पातेरा म्हणजे आंबा, काजू, फणस यांचा वाळलेला पाला. फाल्गुनापासून झाडाखाली पडून असतो. भाजावळीला नेतात, आंब्याच्या आळ्यात घालतात, आणि आमच्याकडे गाई होत्या तेव्हा गोठ्यात त्यांच्याखाली तोच असायचा. मी शीटमध्ये ओळ घातली. पण त्याला आकडे कुठून द्यायचे? इंटरनेटवर तूस होतं, भुसा होता, वाळू होती. काजूच्या पाल्याबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं. मी सगळीकडे तीन-तीन घालून टाकले. ज्याची माहिती नाही त्याला मधला आकडा द्यायचा हा किती घाणेरडा प्रकार आहे हे मला नोकरीत चांगलं माहीत आहे. तरी केलं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पिल्लं आली, महिनाभराची. खाली तीन इंच भुसा. फोटो काढले, ऑफिसच्या ग्रुपवर टाकले, 'फार्मर साहेब' वगैरे झालं. मग मी पुण्याला परतलो आणि आमच्या रिलीजच्या कामाला लागलो.

पुढचा भाग मी तुकड्यातुकड्याने ऐकला, म्हणून तसाच सांगतो.

साधारण दहा जुलैला आई फोनवर म्हणाली, "जरा वास येतोय." मी मीटिंगमध्ये होतो. म्युट करून म्हटलं, "चुना मार." कुठेतरी वाचलं होतं. तिने मारला. आज मला माहीत आहे की ओल्या लिटरवर चुना टाकला की त्याचा अल्कलीपणा वाढतो, आणि अल्कलीपणा वाढला की विष्ठेतला अमोनिया जास्तच जोरात सुटतो. कोरड्यावर थोडा चुना वेगळा आणि चिखलावर घमेलंभर वेगळा. आई नंतर म्हणाली की खुराड्याचं दार उघडलं की डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा मात्र मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आता बरं आहे."

पंधराला पहिली दोन पिल्लं मेली. सोळाला तीन. सतराला आमचा रिलीज होता. त्या रात्री मी फोन केला, "कशी आहेत पिल्लं?" आई म्हणाली, "बरी आहेत. तू जेवलास?"

अठराला सकाळी अण्णांचा फोन आला. तेच, ज्यांच्या भाजीवरून बोलाचाली व्हायची. म्हणाले, "अरे, तुझी आई रोज माडाखाली खड्डे काढते आहे. तुला माहीत आहे का?"

रात्रीची बस पकडली. अणुस्कुऱ्याच्या घाटात पाऊस असा होता की ड्रायव्हर मधेच गाडी बाजूला घेऊन थांबला. पहाटे घरी पोचलो, बॅग टाकली आणि मागे गेलो. भुसा नव्हताच तिथे. म्हणजे होता, पण त्याचा केक झाला होता. वरून तपकिरी गुळगुळीत पापुद्रा, त्यावर पाय ठेवला की बाजूने पाणी वर यायचं. उरलेली पिल्लं पंख सोडून, डोळे मिटून, खुराड्याच्या फळीवर एकमेकांना चिकटून बसली होती. आई माझ्या मागे उभी होती. चहा घेऊन आली होती.

मेलेलं एक पिल्लू पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी टेबलावर उघडलं. आतड्याच्या टोकाच्या दोन पिशव्या रक्ताने भरलेल्या. "रक्ती हगवण," म्हणाले, "कॉक्सिडिओसिस." मग हात धुता धुता विचारलं, "खाली काय अंथरलंय?"

"भुसा."

"ते नाही विचारत. कोरडं आहे का?"

माझ्या आठ कॉलममध्ये हा प्रश्न नव्हता.

हा आजार ज्या परजीवीने होतो त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, पण पडल्या पडल्या ती रोग देण्याजोगी नसतात. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ती पिकतात. मग उकरताना, टिपताना पिल्लांच्या पोटात जातात, आतड्यात वाढतात, पुन्हा बाहेर. बहुतेक जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत. थोडीफार ती सगळ्याच कोंबड्यांच्या जमिनीत असतात आणि त्या थोड्या मात्रेतूनच पिल्लांमध्ये प्रतिकारशक्तीही येते. घात करते ती ओल. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषध दिलं. ते लागू पडलं, पण तोवर सात उरली होती.

त्या दिवशी दुपारी मी पडवीत बसून जो हिशेब केला तो मे महिन्यातच करायला हवा होता. मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते. त्यातलं तीन-चतुर्थांश पाणी. म्हणजे वीस मोठ्या कोंबड्या धरल्या तरी दिवसाला दोन लिटरच्या जरा खाली. माझी सगळी शीट या दोन लिटरसाठी होती. आता पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. घराच्या मागच्या छपराचा उतार पंधरा फूट, त्याच्या पागोळ्या माझ्या पत्र्यावर, तो पत्रा दहा फूट, रुंदी बारा फूट. तीनशे चौरस फूट, म्हणजे अठ्ठावीस चौरस मीटर. दिवसाला शंभर मिलिमीटर पाऊस ही जुलैमध्ये कोकणात बातमीसुद्धा नसते. म्हणजे दोन हजार आठशे लिटर पाणी एका दिवसात माझ्या पत्र्याच्या कडेवरून खाली. आणि खाली काय? मी फूटभर खणून केलेला खड्डा, ज्याच्या तळाला कातळ. डोंगराकडून वाहून येणारं पाणी वेगळंच.

लिटरच्या शीटमध्ये लिटरच नव्हते. हा विनोद मला सुचला तेव्हा हसू आलं नाही.

म्हणजे भुसा वाईट होता असंही नाही. घाटावर, कोरड्या हवेत, चांगल्या शेडमध्ये लोक भुशावर कोंबड्या वाढवतात. (फक्त प्लायवुड आणि एमडीएफचा नको, त्यात गोंद आणि रसायनं असतात. माझ्या गोण्यांत ते किती होतं देव जाणे.) पण 'पाणी किती शोषतं' याला मी डोळे झाकून जास्त वेटेज दिलं तिथेच चुकलं. पाणी थोडं असेल तर शोषणं हा गुण. पाणी न संपणारं असेल तर जे जास्त शोषतं तेच जास्त वेळ ओलं राहतं. कोकणातल्या जुलैच्या हवेत टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे भुसा कसा वाळणार? मला शोषणारं नको होतं, सोडणारं हवं होतं. आणि त्याहीआधी पाणी आत न येणं हवं होतं.

"तुला दिसत होतं ना?" मी आईला विचारलं. "खणताना. तेव्हा बोलली का नाहीस?"

ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बोलले की. खाली घेतोयस का विचारलं."

"पण नंतर. वास आल्यावर. मेली तेव्हा."

"तुझा तो रिलीज होता ना." मग थोड्या वेळाने, "आणि तू एवढं सगळं लिहून काढलेलंस. मला वाटलं, शिकलेला मुलगा आहे, त्याच्या हिशेबात बसलं असेल. आपलंच काहीतरी चुकत असेल घालताना."

यावर काय बोलणार? ऑफिसमध्ये ज्युनिअरने असं केलं की आम्ही त्याला 'एस्कलेट करायला शिक' म्हणून फीडबॅक देतो. इथे एस्कलेट करायचं ते माझ्याकडेच होतं, आणि मी म्युटवर होतो.

असो.

२०२४ च्या एप्रिलमध्ये सगळं उपसलं. या वेळी आधी पाणी, मग अंथरूण. आवाराच्या वरच्या बाजूला हातभर रुंद चर काढला आणि घराला वळसा घालून आगरात सोडला. पत्र्याच्या कडेला सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ लावली, ती त्याच चरात. चारही बाजूंनी जांभ्या चिऱ्यांचा एक थर बसवला आणि आत भराव घातला. खाली खडी, वर जाड कच. कच म्हणजे क्रशरवरची दगडाची भुकटी, हल्ली बांधकामात वाळूऐवजी वापरतात ती. बारीक नको, पीठ होतं. आतली जमीन आता परड्यापेक्षा नऊ इंच वर आहे. भिंतीकडची बाजूही झडीपासून वाचावी म्हणून पत्रा थोडा वाढवला. या सगळ्याला कोंबड्यांपेक्षा कितीतरी जास्त खर्च आला, तो आकडा आईला सांगितलेला नाही.

मग वर काय घालायचं ते फारसं उरलंच नाही. खुराड्यात, जिथे रात्री बसतात त्या दांडीखाली, तूस. ज्याला मी दोन गुण दिले होते तेच. तुसात सिलिका भरपूर असते, त्यामुळे ते लवकर कुजत नाही, पाणी धरून ठेवत नाही, दाण्या-दाण्यांतून हवा खेळते. एक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते. जुन्या हलरच्या गिरणीत तूस आणि कोंडा एकत्रच दळून निघतो. तो बारीक असतो, त्याला उंदीर लागतात आणि ओल धरली की बुरशीही. रबरी रोलची गिरण असेल तिथे तूस अख्खं आणि वेगळं मिळतं. आमच्याकडे अशी गिरण शोधायला दोन गावं फिरावं लागलं.

आणि बाहेर आवारात पातेरा. चांगला वीतभर. काजूचं आणि आंब्याचं पान जाड, चिवट, लवकर कुजत नाही. फणसाचंही तसंच. पानं एकमेकांवर चपटी बसतात म्हणून मला धास्ती होती, पण ती सैल करायचं काम कोंबड्या स्वतःच करतात. सकाळी आई मूठभर कणी त्यात फेकते. मग दिवसभर सगळी सेना उजवा पाय मागे, डावा पाय मागे. ज्या उकरण्याने माझी हरळी संपवली त्याच उकरण्याने पातेरा वर-खाली होतो, विष्ठा त्यात मिसळते, हवा लागते. पाल्यातला कार्बन आणि विष्ठेतला नायट्रोजन मिळून खालून हळूहळू काळं खत होत जातं. पाण्याच्या भांड्याखाली फरशीचा तुकडा, आणि त्याच्या आजूबाजूला गोळा झालेला भाग दिसला की लगेच बाहेर. बस.

ओल तपासायला मीटर नको. मूठभर उचलायचं आणि दाबायचं. मूठ उघडल्यावर लाडू राहिला तर ओलं आहे, हळूच सुटला तर ठीक, नुसती धूळ उडाली तर फारच कोरडं. आणि वास उभ्याने घ्यायचा नाही. वाकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन घ्यायचा, कारण ती तिथे राहते. हवेत दहा लाखात पंचवीस भागांच्या वर अमोनिया गेला तर कोंबड्यांना त्रास होतो असं धरतात, आणि साधारण तेवढ्यावर आपल्या नाकाला तो नक्कीच कळतो. आई ओणवी होऊन वास घेते आणि म्हणते, "ये, तूपण घे." मी घेतो.

एका गोष्टीवर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. राख. आईला चुलीची राख सगळ्यावर औषध वाटते. कोरड्या टोपलीत माती आणि राख मिसळून ठेवली की कोंबड्या त्यात लोळतात, उवा-पिसवा कमी होतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती पातेऱ्यावरही भुरभुरते. मी सांगतो की राखही चुन्यासारखीच, ओल्यावर पडली की वास वाढेल. ती म्हणते, "ओलं आहे कुठे?" आणि यावर माझ्याकडे उत्तर नसतं.

पिल्लं या वेळी वीस नाही, बाराच. दहा बाय बाराच्या आवाराला वीस हा आकडाही मुळात जास्तच होता. पहिल्या खेपेची सात आणि नवी पाच. २०२४ चा पाऊस बरा गेला. एक पिल्लू गेलं, ते मुंगसाने नेलं, आणि आईने त्याच दिवशी फोन करून सांगितलं.

मग आला २०२५ चा मे. दरवर्षी आई पातेरा मे अखेरीस गोळा करून मांगरात भरते, पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणार या हिशेबाने. त्या वर्षी मॉन्सून २५ मेलाच कोकणात उतरला, आणि त्याच्या आधीचे काही दिवसही पावसाचेच. पातेरा सगळा झाडाखालीच. भिजला.

२६ तारखेला सकाळी साडेनऊला, माझं स्टँडअप चालू असताना, आईचा फोन. आई ऑफिसच्या वेळात कधीही फोन करत नाही. मी बाहेर येऊन घेतला.

"काय करायचं ते तू नंतर सांग," म्हणाली. "आधी माझं ऐकून घे."

पातेरा भिजलाय, तो आता आत घालायचा नाही, माडाच्या आळ्यात टाकलाय. गेल्या वर्षीचं आतलं अजून कोरडं आहे, मूठ करून बघितली, सुटते. पण महिनाभर पुरणार नाही. म्हणून अण्णांच्या मुलाला टेम्पो घेऊन गिरणीवर पाठवलंय, सहा गोण्या तूस सांगितलंय. पैसे नंतर देऊ म्हटलंय. पन्हळीत आंब्याची पानं अडकली होती, ती काठीने काढली. चर वाहतोय. बघून आलेय. इरलं घेऊन.

मी म्हटलं, "मग मी काय सांगू?"

"काही नको. तुझ्या त्या कागदात लिहून ठेव, मे मध्येच पाऊस आला म्हणून. पुढच्या वर्षी आठवण कर मला एप्रिलमध्ये."

लिहून ठेवलं. नववा कॉलम मी २०२३ मध्येच वाढवला होता, त्याचं नाव नुसतं 'पाणी'. हा दहावा झाला, 'कधी गोळा करायचं'.

"आणि हो," ती म्हणाली, "ती जुनी गावठी खुडूक बसली आहे. अकरा अंडी ठेवलीत खाली."

मी ताबडतोब विचारलं, "टोपलीत काय अंथरलंयस?"

"ते तुझ्या कागदात घालायला नको," म्हणाली, आणि फोन ठेवला.